बंदूक, काडतूस, बुलेट आणि बार: बातमीतल्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत एका मराठी पेपराच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं गेली. रात्री साडेदहाला पोलिसांची प्रेसनोट यायची, अकराला पान सोडायचं, त्यात रायफल की बंदूक हे बघत कोण बसतो, आणि मग सकाळी वाळपईहून नाहीतर सांग्याहून फोन यायचा की "अरे बाबा, काय छापलंयस हे?" त्या फोनांमुळेच हे सगळं शिकलो. आता लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, नवीन रिपोर्टर, वाचक, एकदोन मास्तरसुद्धा, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळं वाचायची सक्ती नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

१. बंदूक, रायफल, गन सगळं एकच ना? फरक करून काय मिळतं?

घरात बोलताना काही मिळत नाही, खुशाल बंदूक म्हणा. लिहिताना मात्र माझा एकच नियम आहे, शब्द बदलल्यानं घडलेली गोष्टच बदलत असेल तर तो दुरुस्त करायचा, नाहीतर सोडून द्यायचा.

आता रायफल. रायफलच्या नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, स्क्रूला असतात तशा, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत जाते आणि सरळ लांब जाते. आमच्या सत्तरीत, सांग्यात कुळागरवाल्यांकडे, म्हणजे माड-सुपारीच्या बागा असलेल्यांकडे, जी असते तिची नळी आतून गुळगुळीत, ती शॉटगन, आणि गावात 'बंदूक' म्हटलं की नेमकी तीच. बारा बोअर हे शॉटगनचं माप (प्रश्न ६ बघा), म्हणून 'बारा बोअरची रायफल' हे जे सर्रास छापून येतं ते म्हणजे 'दोन चाकी रिक्षा' म्हटल्यासारखं आहे. तपासातही फरक पडतो. रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्वर यांच्या गोळीवर त्या खाचांचे ओरखडे उमटतात आणि त्यावरून हत्यार जुळवता येतं, शॉटगनमधून सुटणाऱ्या छर्ऱ्यांवर तसं काही उमटत नाही.

२. पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यात फरक काय?

रिव्हॉल्वरला मध्ये फिरणारं गोल चाक असतं, त्यात बहुधा पाच किंवा सहा भोकं, प्रत्येक भोकात एक काडतूस. पिस्तुलाची काडतुसं मुठीच्या आतल्या मॅगझिनमध्ये असतात, बार झाला की वरचा सरकता भाग मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढचं काडतूस आत ढकलतो.

हे का सांगतोय, तर पुंगळी बाहेर पडते ती पिस्तुलातून. रिव्हॉल्वरमधून आपोआप काही पडत नाही, ती चाकातच राहते, हातानं काढावी लागते. त्यामुळे 'आरोपीनं रिव्हॉल्वरमधून तीन गोळ्या झाडून पळ काढला, घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या' अशी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, आली की मी ठाण्यात फोन लावायचो. दहातल्या नऊ वेळा ते पिस्तूलच निघायचं. आणि 'रिव्हॉल्वर व दोन मॅगझिन जप्त' हे वाचलं तर समजा की लिहिणाऱ्यानं वस्तू बघितलेली नाही.

३. गोळी, काडतूस, बुलेट, राउंड, पुंगळी... नक्की कशाला काय म्हणायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा नीट सांगतो.

काडतूस म्हणजे अख्खी वस्तू. तिचे चार भाग: बाहेरची पितळी पुंगळी, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाला बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर पुढे जाते ती फक्त गोळी, म्हणजेच बुलेट. पुंगळी मागे राहते. म्हणून 'मृतदेहातून काडतूस काढलं' हे चूक, गोळी काढतात. 'घटनास्थळी रिकामी गोळी सापडली' हेही चूक, रिकामी असते ती पुंगळी.

राउंड म्हणजे एक काडतूस किंवा एक बार. 'पाच राउंड फायर' म्हणजे पाच गोळ्या सुटल्या, पाच फेऱ्या नव्हे. आपल्याकडे 'फैर' शब्द आहे तो मात्र बहुतेक वेळा अनेक बंदुकांच्या एकत्र बारासाठी, मानवंदनेला तीन फैरी झाडतात त्या. एका बातमीत 'पाच राउंड'चं 'पाच फैरी' झालं होतं, वाचणाऱ्याला वाटलं पोलिसांची अख्खी तुकडी उतरली होती.

आणि हो, काडतूस हा शब्द पोर्तुगीज 'कार्तूश'वरून आलाय, आपल्या पावासारखाच. त्यामुळे गोंयकारांनी तरी तो नीट वापरावा असं मला वाटतं.

४. 'जिवंत काडतूस' म्हणजे काय? मेलेलं पण असतं का?

जिवंत म्हणजे न उडालेलं, प्रश्न ३ मधले चारही भाग शाबूत असलेलं. उडालं की उरते ती नुसती पुंगळी, तिला कोणी मेलेलं काडतूस म्हणत नाही. 'जिवंत' शब्द मूळ पंचनाम्यातला आहे पण तो ठेवावा, कारण खटल्यात त्याला वजन असतं. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर एखाद्याच्या बॅगेत सापडतं तेव्हा ते जिवंत होतं की चावीच्या कीचेनला लावलेली रिकामी पुंगळी होती हे बातमीत आलंच पाहिजे, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुसकं निघालेलं, म्हणजे टोपीवर ठोका पडला पण उडालं नाही असं काडतूस, हा तिसरा प्रकार. ते उशिरानंही उडू शकतं.

५. मॅगझिनला क्लिप म्हटलं तर चालतं का?

इंग्रजी पिक्चर बघून आलेली सवय. मॅगझिन म्हणजे काडतुसं ठेवायची स्प्रिंगवाली पेटी, क्लिप म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी नुसती पट्टी. जुन्या .३०३ रायफलीच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसं बसतात आणि ती पाच-पाचच्या पट्टीनं भरतात, तिथे दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. मराठी बातमीत क्लिप लिहायची वेळ जवळजवळ येतच नाही.

६. बारा बोअर म्हणजे बारा एमएम का? की बारा गोळ्या बसतात?

दोन्ही नाही. हे माप जुन्या विलायती हिशोबाचं. नळीच्या तोंडात बरोबर बसेल एवढा शिशाचा गोळा करायचा, असे बारा गोळे मिळून एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम भरले की ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढी नळी बारीक, वीस बोअर ही बाराहून लहान. बारा बोअरची नळी सुमारे साडेअठरा एमएम भरते.

छर्ऱ्यांचंही उलटंच, नंबर वाढला की छर्रा बारीक. बोअरच्या मापाला अपवाद एक, .४१० ची बंदूक. तिला लोक 'चारशे दहा बोअर' म्हणतात पण तो आकडा सरळ इंचातला आहे, गोळे मोजून काढलेला नाही.

७. प्रेसनोटमध्ये '७.६५ एमएम पिस्तूल' आणि लायसन्सवर '.३२ पिस्तूल'. पोलिसांची चूक का?

नाही, एकच वस्तू आहे. .३२ हे इंचातलं नाव, ७.६५ हे मिलिमीटरमधलं. फूटपट्टी घेऊन रूपांतर करायला जाल तर जमणार नाही, .३२ इंच म्हणजे आठ एमएमच्या वर जातं. ही मापं म्हणजे नावं समजायची, जशी शर्टाची साईज. .३८ स्पेशल रिव्हॉल्वरची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचांची असते, आता बोला.

खरी मेख पुढे आहे. .३२ रिव्हॉल्वर आणि .३२ पिस्तूल यांची काडतुसं वेगळी. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्वर काढलं, खास बायकांसाठी म्हणून पेपरांनी ते गाजवलं, तेही .३२, पण त्याचं काडतूस .३२ पिस्तुलापेक्षा लांब. तसंच ७.६२ एमएमचं: एके-४७ पण ७.६२ आणि आपल्या पोलिसांची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) पण ७.६२, पण एके-४७ ची पुंगळी ३९ एमएम लांब आणि एसएलआरची ५१, एकाची काडतुसं दुसऱ्यात चालत नाहीत. म्हणून नुसत्या आकड्यावरून 'हल्ल्यात पोलिसांचंच काडतूस' असा मथळा करायला जाऊ नका.

९ एमएम पिस्तूल आणि .३०३ रायफल साध्या लायसन्सवर मिळत नाहीत, त्यामुळे .३२ च्या जागी चुकून ९ एमएम पडलं तर कायदेशीर हत्याराचं बेकायदा हत्यार होतं. प्रश्न १ मधला नियम इथे लागू.

८. आजोबांच्या लायसन्स बुकात 'एसबीएमएल' लिहिलंय. हे काय मॉडेल?

मॉडेल नाही, वर्णन आहे. सिंगल बॅरल मझल लोडिंग, म्हणजे एकनळी, तोंडातून भरायची. आपली ठासणीची बंदूक, केपाची पण म्हणतात. तोंडातून दारू, मग चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, गजानं ठासायचं, मागे टोपी लावायची. 'एसबीबीएल' म्हणजे एकनळीच पण मागून काडतूस घालायची, 'डीबीबीएल' म्हणजे दुनळी.

ही लायसन्सं बहुतेक शेती राखणीसाठी दिलेली. माड, सुपारी, केळी यांना रानडुक्कर आणि माकडं काय करतात ते ज्याची बाग आहे त्यालाच ठाऊक. पण लायसन्सवर शेतीराखण लिहिलंय म्हणून शिकारीचं लायसन्स होत नाही, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे तो आहेच, आणि गवा तर आपला राज्यप्राणी. बातमीत 'शिकारीची बंदूक' लिहिण्याआधी विचार करा, त्या एका शब्दानं राखणदाराचा शिकारी होतो.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असते म्हणून ढगासारखा धूर होतो. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू, त्यामुळे 'पिस्तुलातून धुराचे लोट' हे रिपोर्टरचं काव्य.

९. 'गावठी कट्टा' आणि 'देशी बनावटीचं पिस्तूल' एकच का?

पेपरात एकच समजतात आणि तिथेच घोळ आहे. इंग्रजी प्रेसनोटमधला शब्द असतो 'कंट्री-मेड', म्हणजे चोरून, कुठल्यातरी शेडमध्ये बनवलेलं. त्याचं आपण 'देशी बनावटीचं' केलं. पण निर्भीकसुद्धा देशीच की! सरकारी कारखान्यातलं, लायसन्सवर मिळणारं पिस्तूलही देशी बनावटीचंच असतं. म्हणून 'गावठी' किंवा सरळ 'बेकायदा बनवलेलं' म्हणावं.

कट्टा म्हणजे बहुतेक वेळा एका वेळी एकच काडतूस घालायचं, ओबडधोबड, वापरणाऱ्याच्याच हातात फुटू शकणारं. 'कट्ट्याचं मॅगझिन' लिहिलं असेल तर तो कट्टा नाही, पिस्तुलाची नक्कल आहे. आणि 'युवक कट्ट्यासह ताब्यात' असा मथळा एकदा आमच्याकडे लागला होता, एका वाचकानं विचारलं की पारच उचलून नेला काय.

गोव्यात मात्र बंदुकीच्या बाबतीत 'गावठी' हे नेहमीच हिणवणं नव्हतं. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं गोवा घेतल्यावर इथले बंदूक करणारे कारागीर त्याच्या हाताशी आले, आणि १५१३ मध्ये त्यानं पोर्तुगालच्या राजाला त्यांच्या कामाची तारीफ लिहून कळवली होती. युरोपातल्या नावाजलेल्या कारागिरांच्या तोडीची म्हणून.

१०. प्रत्येक लांब बंदूक एके-४७ च कशी असते? आणि ऑटोमॅटिक नक्की कशाला म्हणायचं?

कारण वाकडं मॅगझिन दिसलं की लोक एके-४७ म्हणतात, जसं कुठल्याही बिस्किटाला पार्ले. एके-४७ हे मिखाईल कलाश्निकोवच्या रायफलीचं नाव, पण त्याच घराण्यात एकेएम आहे, चिनी टाइप-५६ आहे, आणि एके-७४ आहे जिची गोळी ५.४५ एमएमची, म्हणजे वेगळीच. ओळखता येत नसेल तर 'एके घराण्याची रायफल' लिहा, कुणी फाशी देत नाही.

ऑटोमॅटिक म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. एके-४७ चा वेग मिनिटाला ६०० चा, पण मॅगझिनमध्ये तीसच, म्हणजे दाबून धरलं तर तीन सेकंदांत खलास. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा दाबलं की एकच, पुढचं काडतूस मात्र आपोआप आत येतं. साधं पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक असतं, त्याला 'स्वयंचलित पिस्तूल' लिहिलं की वाचकाला पहिला प्रकार वाटतो. आपल्या कायद्यात चाप दाबून धरल्यावर चालूच राहणारं हत्यार सरळ बंदी असलेल्या यादीत येतं, त्यामुळे हा शब्द जपून.

पोलिसांच्या खांद्याला असते ती 'कार्बाइन' हा गमतीचा अपवाद. कार्बाइन म्हणजे आखूड रायफल, पण आपल्याकडे वर्षानुवर्षं जिला कार्बाइन म्हटलं ती ९ एमएमची स्टर्लिंग, जगाच्या हिशोबानं सब-मशीनगन, म्हणजे पिस्तुलाची काडतुसं झाडणारी छोटी मशीनगन. आणि म्हातारे लोक तिलाच स्टेनगन म्हणतात, जी दुसऱ्या महायुद्धातली तिची पूर्वज. इथे मी हट्ट धरत नाही, खात्याच्या कागदावर कार्बाइन आहे तर कार्बाइन.

११. 'घोडा दाबला' म्हणतात. घोडा म्हणजे ट्रिगर का?

नाही. बोटानं ओढतात तो चाप, काही लोक खटका म्हणतात. मागे जो उभा असतो आणि सुटून ठोका देतो तो घोडा. घोडा चढवतात, चाप ओढतात. पण 'घोडा दाबला' आता इतकं रुळलंय की कथा-कादंबरीत मी सोडून देतो. बातमीत नाही, कारण 'घोडा चढवलेला होता' म्हणजे हत्यार तयार होतं, हा पुराव्यातला मुद्दा असतो. मुंबईच्या टोळीभाषेत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, कुणाचं बोलणं अवतरणात देताना तेवढं ध्यानात ठेवा.

जुन्या शब्दांत तर खजिना आहे. वात लावून उडवायची ती तोड्याची बंदूक, आणि गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी ती चकमकीची. आज 'पोलिसांशी चकमक' लिहिताना आपण ठिणगी पाडायच्या दगडाचंच नाव घेतोय हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

१२. गोळी 'झाडली', 'सुटली', 'घातली', कुठलं क्रियापद वापरायचं?

माझ्या मते या सगळ्यात हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आणि तो हत्यारांचा नाहीच, मराठीचा आहे. 'झाडली' म्हटलं की हेतू आला, कुणीतरी ठरवून झाडली. 'सुटली' म्हटलं की अपघात. 'गोळ्या घातल्या' म्हणजे जिवे मारायलाच. कोर्टाचा निकाल लागायच्या आधी आपण क्रियापदानं निकाल देऊन मोकळे होतो.

नेहमीची बातमी घ्या, 'बंदूक साफ करताना गोळी सुटून जखमी'. हे कुणी सांगितलं? बहुतेक वेळा घरच्यांनी. मग 'घरच्यांच्या म्हणण्यानुसार' जोडायला काय जातं? काहीच कळलं नसेल तर 'गोळी लागून जखमी' लिहा, त्यात कुणाची बाजू येत नाही. 'बंदूक आपोआप उडाली' असं तर लिहूच नका, चाप ओढला गेला, हातातून पडली, झुडपात अडकली, काहीतरी झालेलं असतंच.

१३. सायलेन्सर लावला तर खरंच नुसतं 'फुस्स' होतं का?

पिक्चरात होतं. पिस्तुलाचा बार साधारण १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सरनं त्यातले वीस-तीस कमी होतात, म्हणजे जे उरतं तेही कानठळ्या बसवणारंच. शिवाय गोळी आवाजापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, जोरात जात असेल तर तिचा स्वतःचा हवेतला फटाका वेगळा, तो सायलेन्सरनं थांबत नाही. आणि रिव्हॉल्वरला लावून तर उपयोगच नसतो, चाक आणि नळी यांच्यामधल्या फटीतून आवाज बाहेर पडतो. अपवाद म्हणजे रशियाचं जुनं नागां रिव्हॉल्वर, त्यात ती फट बंद होते.

कायद्यातली गंमत अशी की १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज कमी करणारं हे साधन स्वतःच 'फायरआर्म'मध्ये मोडतं. नुसता सायलेन्सर सापडला तरी 'हत्यार सापडलं नाही' असं लिहिता येत नाही. बुलेटच्या सायलेन्सरबद्दल प्रश्न १७ बघा.

१४. 'पॉइंट ब्लँक' म्हणजे कानशिलाला टेकवून ना?

बोलण्यात तसंच झालंय. मुळात तो अंतराचा शब्द, ज्या अंतरापर्यंत नेम वरखाली न करता सरळ धरला तरी गोळी लागते ते अंतर, आणि रायफलीच्या बाबतीत ते बरंच लांब असू शकतं. 'अगदी जवळून' लिहा ना, मराठी शब्द असताना कशाला. टेकवून की जवळून हे डॉक्टर सांगतो: टेकवून असेल तर जखमेच्या कडा भाजलेल्या, जवळून असेल तर काजळी आणि गोंदल्यासारखे बारीक ठिपके, लांबून असेल तर यातलं काही नाही. शवचिकित्सेचा अहवाल येईपर्यंत थांबा.

१५. एअर रायफल, पेलेट गन, छर्ऱ्याची बंदूक, हे एकच का?

पेलेट हा एकच शब्द, वस्तू दोन. ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये, तिथे हवेच्या दाबानं साडेचार एमएमचा एक पेलेट सुटतो, दारू नाही. काश्मीरच्या बातम्यांतली पेलेट गन म्हणजे चक्क शॉटगन, एका काडतुसातून दारूच्या जोरावर एकदम शेकडो बारीक छर्रे. एकीचं चित्र दुसरीच्या बातमीला लावलेलं मी स्वतः बघितलंय.

आपल्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे, त्याचं २०२४ च्या पॅरिसमधलं कांस्य एअर रायफलचं नाही, ५० मीटर थ्री पोझिशनचं. तिथे .२२ ची खरी रायफल असते, दारूची. .२२ ला लोक खेळणं समजतात, तिची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाते.

१६. 'युद्धनौकेवर चार बंदुका होत्या' असं वाचलं. जहाजावर फक्त चारच?

हा भाषांतराचा बळी. इंग्रजी 'गन' म्हणजे तोफसुद्धा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी मुरगाव बंदरात भारतीय नौदलाशी लढलेली पोर्तुगीज 'आफोंसो द आल्बुकर्क', तिच्यावर १२० एमएमच्या चार तोफा होत्या. तोफा! बंदुका लिहिल्या की चार राखणदार उभे असल्यासारखं वाटतं. मोर्टारला आपल्याकडे 'उखळी तोफ' हा झकास शब्द आहे, तो वापरा.

तोफांच्या बातमीत '१५५ एमएम/३९ कॅलिबर' दिसलं तर गोंधळू नका, पहिला आकडा नळीच्या तोंडाचा, दुसरा लांबीचा, म्हणजे नळी तोंडाच्या ३९ पट लांब.

१७. गोव्यात 'दारूसाठा', 'बार', 'बुलेट' हे शब्द मथळ्यात घालावेत का?

घालू नयेत, हात जोडून सांगतो. 'पेडण्यात दारूसाठा जप्त' म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यासमोर बंदुकीची दारू येईल? 'रात्री बार उडाला', कुठला, रस्त्याकडेचा का? 'बुलेट चोरीला' म्हटल्यावर सगळे टुरिस्टांना भाड्यानं दिलेली गाडी समजतात आणि ते बरोबरच असतं. 'बुलेटच्या सायलेन्सरवर कारवाई' ही तर दर मोसमाची बातमी. बंदुकीची असेल तर 'स्फोटक दारू', 'गोळी', 'बंदुकीचा आवाज' असं फोडून लिहा.

बुलेट गाडीचा आणि बंदुकीचा संबंध मात्र खरा आहे. इंग्लंडात एनफिल्ड इथे सरकारी रायफलींचा कारखाना होता, रेडिचची सायकल कंपनी त्याला सुटे भाग पुरवायची, त्यावरून रॉयल एनफिल्ड हे नाव.

१८. घरात कोयता सापडला तर 'शस्त्रसाठा' म्हणायचं का? आणि हातबॉम्ब?

कोयत्याशिवाय नारळ कसा फोडणार? निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामाची वस्तू शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. हाच कोयता घेऊन कुणी कुणाच्या अंगावर गेला तर गुन्हा वेगळा, पण मथळ्यात दोन कोयत्यांचा 'शस्त्रसाठा' करू नये. उलट हातबॉम्ब, ज्याला नळी नाही की चाप नाही, तो कायद्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' आहे, प्रश्न १३ मधल्या सायलेन्सरसारखाच. बोलीतला शब्द आणि कायद्यातला शब्द जुळत नसले तर बातमीत कलम सांगताना कायद्याचा घ्या, वर्णन करताना बोलीतला.

१९. शूटिंगमध्ये खोट्या गोळ्या असतात ना, मग लोक जखमी कसे होतात?

गोव्यात 'शूटिंगमध्ये जखमी' म्हटलं की आधी विचारावं लागतं कॅमेऱ्याचं की बंदुकीचं. खोटं काडतूस दोन प्रकारचं. डमीत दारू नसते, नुसतं दिसायला. ब्लँकमध्ये गोळी नसते पण दारू खरी असते, आणि नळीच्या तोंडाशी तिचा दाब जीव घेऊ शकतो. जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकन नट १९८४ मध्ये सेटवर थट्टेनं कानशिलाला लावून ब्लँक उडवल्यानं गेला. दोघांनाही 'नकली गोळी' लिहून मोकळं होऊ नका.

२०. तुम्ही एवढं सांगता, तुमच्याकडे बंदूक आहे का?

माझ्याकडे नाही, सत्तरीतल्या मामांकडे होती, एकनळी ठासणीची. दस्त्याला चीर गेलेली, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली. दर निवडणुकीला हुकूम निघायचा आणि मामा ती गोणपाटात गुंडाळून बसनं ठाण्यावर जमा करायला जायचे, मतमोजणी झाली की परत आणायला. एका वर्षी परत आणायला गेले तर पावतीवर लिहिलेलं 'रायफल, एक नग'. मामा म्हणाले ही माझी नव्हे. शिपाई म्हणाला, मामा, तुमचीच आहे, तार बघा की. मामा म्हणाले बंदूक माझीच, पावती माझी नव्हे, उद्या कोणी रायफल कुठे म्हणून विचारलं तर मी कुठून आणू? दुपारी तीनपर्यंत बाकावर बसून राहिले. शेवटी हवालदारानं 'रायफल' खोडून वर 'एसबीएमएल' लिहिलं, बाजूला सही केली, आणि मामा चारच्या बसनं घरी आले.